भिंतीचा पोत : गोव्याची कावी कला

कापड घ्यावयास दुकानात गेलेला मनुष्य रंग डोळ्यांनी पाहतो. परंतु तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. कापडाचा पदर अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून तो किंचित चोळून पाहतो. या चोळण्यातून त्याला जे कळते त्यास मराठीत ‘पोत’ असा सुटसुटीत शब्द आहे. शेतकरी तोच शब्द मातीला लावतो आणि चित्रकार चित्राच्या पृष्ठभागाला. पोत हा वस्तूचा असा गुण आहे की, तो प्रथम हाताला कळतो आणि मग हाताच्या आठवणीने डोळ्यालाही कळू लागतो. खडबडीत भिंत हात न लावता, दुरून पाहिली तरी ती खडबडीत आहे हे समजते. कारण तिच्यावरील लहान लहान उंचवट्यांच्या सावल्या डोळा वाचीत असतो.

असा पोत पृष्ठभागावर मुद्दाम आणण्याची विद्या घरगुती व्यवहारात फार जुनी आहे. दळून दळून जाते गुळगुळीत झाले की पीठ नीट पडेनासे होते. मग त्याला टाकी लावून दगडावर पुन्हा बारीक खळगे पाडून घ्यावे लागतात. अंगण सारवताना शेणात बोटांची अर्धवर्तुळे उमटतात; ती पुसून टाकण्याचे कोणी मनात आणीत नाही, कारण त्या वळणांनीच सारवण ताजे व नीटनेटके दिसते. गवंडी गिलाव्याचा पहिला थर देतो तेव्हा तोही गुळगुळीत ठेवीत नाही. ओला असतानाच त्यावर थापीच्या टोकाने रेघा मारून ठेवतो, म्हणजे वरच्या थराला पकड मिळते. जात्यावरचा पोत उपयोगासाठी, अंगणातला शोभेसाठी आणि गिलाव्यावरचा दोन थर एकजीव व्हावेत म्हणून. उपयोग, शोभा आणि एकजीवपणा या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी साधणारी एक भित्तिकला कोकणच्या किनाऱ्यावर नांदत आली आहे. तिचे नाव कावी कला.

काव म्हणजे लोहयुक्त तांबडी माती. तिच्यावरूनच या कलेला हे नाव मिळाले. सिंधुदुर्गापासून गोव्यातून खाली कारवार, अंकोला, कुमठ्यापर्यंतच्या पट्ट्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर, दीपस्तंभांवर, तसेच काही जुन्या घरांत ती आढळते. तिच्यात रंग दोनच : चुन्याचा पांढरा आणि कावेचा तांबडा. विषय मात्र नाना प्रकारचे आहेत. खांबांच्या व कमानींच्या कडेने वेलबुट्टीच्या पट्ट्या, वर्तुळांच्या छेदांतून उमललेली कमळे, हत्ती, मोर, द्वारपाल, दशावतार, रामायण-महाभारतातील प्रसंग, असा मोठा संसार या दोन रंगांत सामावलेला असतो. गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातील मोरजी गावच्या मोरजाई देवीचे देऊळ या कामासाठी जाणकारांत प्रसिद्ध आहे.

दुरून पाहणाऱ्याला ही चित्रे पांढऱ्या भिंतीवर तांबड्या रंगाने रंगविल्यासारखी वाटतात. जवळ गेल्यावर ध्यानात येते की, येथे कुंचल्याचे काम जवळजवळ नाहीच. तांबडा थर जेथे हवा तेथे राखून बाकीचा खरवडून काढला आहे आणि त्याखालचा पांढरा चुना उघडा केला आहे. पांढरी दिसणारी रेषा ही वस्तुतः एक उथळ चर आहे. बोट फिरविले तर तांबड्या भागावरून पांढऱ्यात उतरताना त्याला लहानशी पायरी लागते. चित्र येथे भिंतीवर चढविलेले नसून भिंतीतून काढलेले आहे. रंगविलेली भिंत आणि कावीची भिंत यांत हाच मूलभूत भेद आहे.

ही कला याच भूमीत का रुजली, हे समजण्यासाठी प्रथम तेथील दगडाकडे पाहिले पाहिजे. कोकण व गोवा ही जांभ्याची भूमी. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारातील असाच दगड पाहून त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. कारण तो जमिनीत असता कुदळीने कापता येण्याइतका मऊ असतो आणि हवेत ठेवला की विटेसारखा टणक बनतो. या दगडाच्या अंगाला सर्वत्र छिद्रे असतात. त्यामुळे त्यावर बारीक कोरीव मूर्तिकाम साधत नाही. परंतु हीच छिद्रे गिलाव्याला घट्ट धरून ठेवतात. ज्या लोहामुळे जांभा तांबडा दिसतो, त्याच लोहामुळे भोवतालची माती कावेसारखी लाल होते. दगडात मूर्ती कोरता येत नाही, तर गिलाव्यात चित्र कोरावे, आणि त्याला लागणारा रंग पायाखालून उचलावा, असा हा सरळ हिशेब आहे.

दुसरी सामग्री चुन्याची. किनाऱ्यावर चुनखडीपेक्षा शिंपले सुलभ. शिंपल्याचे कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियस उष्णता लागली की त्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध कार्बोनेटातून छप्पन्न किलो कळी, असे हे रसायनशास्त्राचे प्रमाण आहे. कळीवर पाणी घातले की ती तापून, फसफसून विरते. विरलेल्या चुन्यात वाळू व गुळाचे पाणी मिसळून तो कित्येक दिवस मुरत ठेवीत आणि नंतर कांडून कांडून लोण्यासारखा मऊ करीत. गूळ घालण्याची रीत आजच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. परंतु तिला आधार आहे. साखरेच्या द्रावणात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक विरघळतो, त्यामुळे मिश्रण चिकट व लुसलुशीत होते, तसेच त्याचे घट्ट होणेही काहीसे लांबते. कोरणाऱ्याला नेमका हाच अवकाश हवा असतो.

भिंतीवर प्रथम या चुन्याचा पांढरा गिलावा चढवून तो सारखा करीत. तो ओला असतानाच त्यावर, काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर देत आणि गुळगुळीत गोट्याने घोटून तो खालच्या थराशी एकजीव करीत. मग कैवार आणि लोखंडी टोकदार कोरणी हाती घेऊन कारागीर कामाला बसे. कैवाराने वर्तुळे व कमानी आखून घ्यावयाच्या, कोरणीने आकृतीच्या कडा कापावयाच्या आणि मधला नको असलेला तांबडा थर हलक्या हाताने खरवडून टाकावयाचा. खोल गेले तर खालचा गिलावा उखडतो. उथळ राहिले तर पांढरा रंग मळकट दिसतो. हातात तोल किती हवा, याची कल्पना यावरून यावी.

हे सारे काम ओलेपणी संपविणे भाग असे. कारण चुना सुकतो म्हणजे केवळ त्यातील पाणी उडून जाते असे नाही. तो हवेतील कर्बवायू शोषून घेऊ लागतो आणि हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे मूळच्या शिंपल्याचेच द्रव्य बनतो. भट्टीत शिंपल्याने जे गमावले ते भिंतीवर तो हवेतून परत मिळवितो. या घडामोडीत पृष्ठभागावर स्फटिकांचे एक बारीक जाळे तयार होते आणि कावेचे कण त्यात कायमचे अडकून पडतात. त्यामुळे कावीचा रंग हाताला लागत नाही व पावसाने धुऊन जात नाही. उलट एकदा ही क्रिया पुढे गेली की कोरणी नीट चालेनाशी होते. रेषेची कड सफाईने न कापता तिचे कपचे उडू लागतात. म्हणून एका बैठकीत जेवढे कोरून होईल तेवढ्याच भागावर लेप द्यावा, हा नियम. खाडाखोडीला वाव नाही. चुकलेली रेषा पुसावयाची म्हणजे तेवढा गिलावाच काढून नवा घालावयाचा.

आता या खटाटोपाचे फळ काय, ते पाहू. कुंचल्याने रेषा काढली असती तर काम अर्ध्या वेळात झाले असते. परंतु रंगविलेली रेषा केवळ रंगाच्या जोरावर दिसते. रंग विटला की तीही गेली. कोरलेल्या रेषेला दोन आधार असतात : एक रंगाचा आणि दुसरा सावलीचा. एक मिलिमीटर उंचीची कड घेतली आणि प्रकाश भिंतीशी ४५ अंशांचा कोन करून आला, तर त्या कडेची सावली एक मिलिमीटर पडेल. तोच प्रकाश भिंतीला घासून, केवळ १५ अंशांनी आला, तर पुढे जागा असल्यास सावली जवळजवळ पावणेचार मिलिमीटर लांब होईल. सकाळ-संध्याकाळचा उन्हाचा कवडसा सभामंडपाच्या भिंतीवर असाच तिरपा पडतो, आणि भिंतीलगतच्या कोनाड्यातील पणतीचा उजेडही तसाच. त्या वेळी रेषेची एक कड उजळते, दुसरी काळोखते आणि जे चित्र दुपारी सपाट वाटले त्याला खोली प्राप्त होते. पणतीची ज्योत हलली की सावल्या हलतात आणि द्वारपालाच्या अंगावरील अलंकार लुकलुकू लागतात. हा परिणाम रंगाचा नसून पोताचा आहे.

भिंतीला पोत देण्याचे इतर मार्ग पाहिले म्हणजे कावीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. हैदराबादेत १५९१ साली उभा राहिलेला चारमिनार पाहणाऱ्यांना तेथील चुनेगच्चीची उठावदार फुले व पट्ट्या परिचित आहेत. तेथे चुना भिंतीवर थापून नक्षी वर उचलली आहे. कावीत ती आत उतरविली आहे. युरोपातही चुना खरवडून चित्र काढण्याची कला होती. इटलीत तिला ‘स्ग्राफितो’ म्हणत. खरवडणे या अर्थाच्या क्रियापदावरूनच हा शब्द झाला. चरित्रकार व चित्रकार जॉर्जो व्हासारी याने १५५० सालच्या आपल्या ग्रंथाच्या तांत्रिक प्रस्तावनेत या पद्धतीचे वर्णन केले आहे. हीच रीत आल्प्स पर्वत ओलांडून उत्तरेकडे गेली. प्राग शहरातील श्वार्झेनबेर्ग वाड्याच्या दर्शनी भिंती सोळाव्या शतकातील अशाच कामाने भरलेल्या आहेत. त्या भिंती टोकदार दगडांच्या चिरेबंदी बांधणीच्या वाटतात. प्रत्यक्षात तेथे सपाट गिलाव्यावर काळ्या-पांढऱ्या छटांनी त्या दगडांचा आभास निर्माण केला आहे. तेथे कोरणीने डोळ्याला फसवून नसलेला पोत दाखविला. कोकणच्या कारागिराने असले सोंग आणले नाही. चुना चुन्यासारखा आणि माती मातीसारखी दिसू दिली.

या साम्यामुळे ही विद्या पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली असावी, असे काहींचे मत आहे. ती येथलीच आहे असे मानणारा दुसरा पक्ष आहे. वादाचा निकाल कसाही लागो, एक गोष्ट निर्विवाद आहे. दगड, शिंपला, माती, गूळ ही सारी सामग्री याच किनाऱ्याची आहे आणि कथाही इथल्याच आहेत. शिवाय आज दिसणारी सरहद्द या कलेला माहीत नव्हती. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला, त्यापूर्वी तो सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होता. तेरेखोलच्या अलीकडील आणि पलीकडील देवळांत एकाच वळणाच्या पट्ट्या आढळल्या तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

या कलेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांना दिले पाहिजे. पेशाने शास्त्रज्ञ असलेल्या या कोकणीभाषक संशोधकाने कॅमेरा खांद्याला लावून किनाऱ्यावरील देवळे पालथी घातली आणि कावी चित्रांची छायाचित्रे व टिपणे जमविली. त्यांनी टिपलेल्या कित्येक भिंतींची आठवण आता छायाचित्रांतच उरली आहे. कारण गेल्या काही पिढ्यांत देवळांचे जीर्णोद्धार मोठ्या प्रमाणावर झाले. जुन्या जांभ्याच्या भिंती पाडून काँक्रीटच्या आल्या, चुन्याच्या जागी सिमेंट व संगमरवर आले. ज्या भिंती पाडल्या गेल्या नाहीत त्यांवर भक्तिभावाने तैलरंगाचे वा प्लॅस्टिक रंगाचे हात फिरले. या हानीमागे द्वेष किंवा अनास्था होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. देवाचे घर नवे, झळझळीत दिसावे, हीच बहुतेकांची इच्छा होती. परंतु या सदिच्छेने जे केले ते वाळवीलाही साधले नसते.

तैलरंगाने बिघडते काय? जांभा आणि चुना हे दोन्ही पाणी पिणारे पदार्थ आहेत. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोकणच्या भिंतीत ओल शिरल्यावाचून राहत नाही. चुन्याची भिंत ही ओल पावसाळ्यानंतर सावकाश बाहेर टाकते; जुने गवंडी भिंत श्वास घेते असे म्हणत, ते यामुळेच. तिच्यावर हवाबंद रंगाचा पापुद्रा चढविला की ओल आत कोंडते. तिच्याबरोबर विरघळलेले क्षार पापुद्र्यामागे येऊन साठतात, पाणी आटताच त्यांचे स्फटिक बनतात आणि ते स्फटिक वाढताना गिलाव्याला आतून रेटतात. मग रंगाला फोड येतात आणि फोड फुटला की त्याच्याबरोबर तीनशे वर्षांचा चुनाही खाली येतो. सिमेंटच्या डागडुजीचा परिणामही असाच होतो; सिमेंटचा कठीण तुकडा टिकतो, परंतु त्याच्या कडेचा मऊ चुना ओल आणि क्षार यांना बळी पडतो. शिवाय नुसत्या रंगानेही कोरलेल्या चरी भरून जातात. सावली नाहीशी होते आणि सावलीबरोबर चित्रही.

तरीही सर्व काही संपले असे समजण्याचे कारण नाही, आणि याचे कारणही पोतच आहे. कित्येक देवळांत व वाड्यांत कावीवर तैलरंग न देता केवळ दरवर्षी चुन्याची सफेदी दिली गेली. अशी भिंत दिवसा कोरी पांढरी दिसते. परंतु रात्री इतर दिवे मालवून एखादी विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून, तिचा झोत पृष्ठभागाला समांतर सोडावा. सफेदीचे थर फार जाड झाले नसतील तर खालच्या चरींच्या पुसट सावल्या उमटू लागतात. प्रथम एखादा वर्तुळाचा तुकडा, मग पाकळी, मग पट्टीची कड. चित्रसंरक्षण करणारे तज्ज्ञ हाच उपाय वापरतात. त्याला तिरप्या प्रकाशाची तपासणी म्हणतात. डोळ्याला रंग दिसत नसतानाही पोत अशी साक्ष देतो. ज्यांच्या गावी जुने देऊळ किंवा चुन्याच्या भिंतींचे जुने घर आहे, त्यांना ही तपासणी खर्चावाचून करता येण्याजोगी आहे.

अशा सावल्या दिसल्याच तर पुढे काय करावे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. उत्साहाच्या भरात चाकू, कानस किंवा काचकागद घेऊन सफेदी खरवडू नये. तांबडा थर इतका पातळ असतो की सफेदीबरोबर तोही निघून येतो. आम्लाने भिंत धुणे तर त्याहून घातक, कारण आम्ल चुन्यालाच विरघळविते. प्रथम त्याच तिरप्या उजेडात छायाचित्रे घेऊन ठेवावीत. छपरातून किंवा पायातून पाणी येत असेल तर ते थांबवावे. अर्धे संरक्षण एवढ्यानेच होते. डागडुजी करावयाची तर ती चुन्यानेच करावी, सिमेंटने नव्हे. आणि सफेदी उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या अथवा प्रशिक्षित संरक्षकाच्या हाती सोपवावे. तोवर सफेदीखालचे चित्र तसेच राहिले तरी चालेल. चुन्याखाली चुना सुरक्षित असतो.

अलीकडच्या काळात गोव्यातील काही तरुण चित्रकारांनी कावीची पद्धत पुन्हा हाती घेतली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. तिच्या आकृती कागदावर, कापडावर व फलकांवर दिसू लागल्या आहेत. तांबड्या-पांढऱ्या नक्षीची ओळख त्यामुळे घरोघर पोचेल. परंतु छापलेली नक्षी ही कावीची प्रतिमा झाली. तिच्यात ती लहानशी पायरी नाही, पणतीच्या उजेडात हलणारी सावली नाही. मूळ कला टिकावयाची तर चुना मुरविणारा, तो घोटणारा आणि ओलेपणी कोरणारा हात टिकला पाहिजे. त्यासाठी गवंड्याला चुन्याचे काम मिळाले पाहिजे, आणि ते काम देणारे आपण लोकच आहोत. पुढच्या जीर्णोद्धाराच्या सभेत रंगाच्या डब्यांचा विषय निघेल, तेव्हा त्यापूर्वी एका रात्री विजेरी घेऊन भिंतीपाशी जाऊन यावे, एवढी सूचना कोणीतरी मांडावी. तिला खर्च नाही आणि तिने एखादे देऊळ आपले चित्र परत मिळवू शकेल.